फुलपुडीचा दोरा

काका, एक गोष्ट विचारायची राहून गेली. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की विचारण्यात काही शहाणपण नाही, तरी विचारते. ज्या दिवशी तुम्ही मला तुमचं खोगीर दिलंत, त्या दिवशी मी तुम्हाला फसवलं होतं. ते तुम्हाला कळलं होतं का?

सुकापूरच्या मागचं तुमचं मैदान आता नाही. तिथे इमारती आहेत आणि घोड्यांच्या हौदाच्या जागी वॉचमनची केबिन. लष्कराच्या रिसाल्यातून निवृत्त होऊन तुम्ही गावी आलात, दोन घोड्या बाळगल्यात आणि कॉलनीतल्या आम्हा तिघीचौघींना शिकवायला लागलात. बाकीकडे मुलं महिन्याभरात घोडा पळवायची. तुम्ही मला वर्षभर रिकिबीशिवाय, पाय लोंबते सोडून, नुसतं बसवलंत. ‘मांड म्हंजे चिकटून बसनं नाय, बाय. घोडीची पाठ वर येते, तिला जागा देनं.’ मग आलं घोडीला ‘गोळा करणं’. मी लगाम ओढून तिची मान कमानदार वळवते आणि मला वाटतं, जमलं. तुम्ही कुंपणापासून ओरडता, ‘मान वाकली. घोडी कुटं वाकली?’ मागचे पाय पोटाखाली यायला हवेत, पाठ उचलली जायला हवी, पुढचं अंग हलकं व्हायला हवं, आणि हे सगळं हातांनी नाही, बसण्याने. मला ते काही केल्या पटायचं नाही. हात असताना बुडाने का बोलायचं?

म्हणून तुमची ती परीक्षा. काकू देवाच्या फुलपुड्यांचे दोरे सोडवून रिळावर गुंडाळून ठेवायच्या. त्यातले वीतभर तुकडे तोडून तुम्ही लगाम आणि तोंडातली कडी यांच्यामध्ये बांधायचात, दोन्ही बाजूंना. लगाम जरा ओढला की दोरा तुटलाच. दोन वर्षं माझा दोरा तुटत होता, कधी दुसऱ्या पावलाला, कधी वळणावर, आणि काकू पडवीतून म्हणायच्या, ‘हिच्यापायी देवाला फुलं वाढवायला लागतील.’

मग तुम्ही आजारी पडलात. तुम्ही खुर्चीत बसून बघायला येणार होतात, आणि ते बहुधा शेवटचंच हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला तुम्हाला न तुटलेला दोरा दाखवायचा होता. तुम्ही यायच्या आधी मी कडीपासून तंगापर्यंत, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्यापर्यंत, दोन दोऱ्या आवळल्या, घोडीचं तोंड छातीशी आणलं आणि तासभर तिला तशीच फिरवली. दोऱ्या सोडल्या तेव्हा ती कडीला इतकी भ्यायली होती की लगामाला टेकेचना, मग दोऱ्यावर ताण येणार कुठून? तुमच्यासमोर तीन फेऱ्या झाल्या, दोरा शाबूत. काकूंनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही कसेबसे उठलात, नेहमीसारखा स्वतःच्या हाताने तंग सैल केलात, आणि तुमचा हात तिथे जरा थांबला. मग म्हणालात, ‘माजं खोगीर तू घेऊन जा. त्याच्यावर बस. तुला कलंल.’ मी ते कौतुक समजले आणि घरी जाऊन रडले.

ते खोगीर कामोठ्याच्या माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत आहे. दरवर्षी त्याला तेल लावते. त्यावर बसले मात्र एकदाही नाही. लोक विचारतात तेव्हा सांगते, आठवण आहे. खरं म्हणजे धीर होत नव्हता.

आता मीही रविवारी शिकवते. रोडपालीचे एक दातांचे डॉक्टर येतात, पन्नाशीचे. जन्म गेला माणसांची तोंडं सांभाळण्यात, पण घोडीचा लगाम हातात आला की दाढ काढायला निघाल्यासारखे ओढतात. मागच्या रविवारी त्यांचा दोरा तुटेचना. ‘बघा मॅडम, जमलं!’ मी तंग सैल केला. तंगाजवळचे केस ओले, उलटे घासलेले, बोटभर पट्टा. खरं तर त्याआधीच दिसलं होतं. घोडीचे ओठ कोरडे, कडी चघळल्याची खूण नाही, पाठ फळीसारखी ताठ. ‘सकाळी किती वेळ बांधून ठेवली होतीत?’ ते ओशाळले. ‘अर्धाच तास. तुम्हाला कसं कळलं?’

मला जर इतक्या सहज कळलं, तर तुम्हाला कळलं नसेल हे शक्यच नाही. मग बोलला का नाहीत? रिकीब वाकडी झाली तरी माझी खरडपट्टी काढणारे तुम्ही. ओरडायला ताकद उरली नव्हती, की खोगीर देणं हेच ओरडणं होतं? आठवडाभर तेवढंच डोक्यात घोळतंय.

आज सकाळी तुमचं खोगीर घोडीवर चढवलं. तुमच्या बसण्याने पडलेल्या खळग्यात माझी कंबर आपोआप मोकळी झाली. हातांना करायला काही उरलंच नाही. दोरा बांधला. बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम तिची पाठ माझ्याखाली वर आली. चार पावलं, काका. तोंडात ती हळूच काहीतरी चघळत होती आणि माझ्या हातात काहीच वजन नव्हतं. पाचव्या पावलाला मला इतका आनंद झाला की ते निसटू नये म्हणून मी मुठी आवळल्या, आणि दोरा तुटला.

ती दोन टोकं आता टेबलावर समोर आहेत. पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. खोगिराचं विचारायचं हे निमित्त होतं. मला तुम्हाला हा तुटलेला दोरा दाखवायचा होता.