मामंजी तलावावर निघालेत

अहो,

फोन घरीच विसरून गेलात, म्हणून कागदावर लिहिते. मी आणि मामंजी तुमच्याच तलावावर निघालोय.

चार रविवार मी बघतेय. तुम्ही पहाटे पाचला कानटोपी घालून गळ घेऊन जाता, नऊला रिकाम्या हातानं येता आणि दोष वाऱ्याला देता. मामंजी खुर्चीत बसून मिशीतल्या मिशीत हसतात. गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले, डॉक्टर 'चाला' म्हणून थकले, पण त्यांनी उंबरा ओलांडला नाही. हसले ते तेवढे चारदाच.

आज तुम्ही गेल्यावर मी विचारलंच. म्हणाले, "मासा काय दूधवाला आहे, पाचला यायला? थंडीत तो खोल पाण्यात गप पडून राहतो. दहाचं ऊन तापलं की उथळ काठाला येतो."

"मग पोराला सांगितलं का नाही?"

"त्यानं विचारलं कुठं!"

"मला दाखवता?" म्हटलं, तर "हौ, चल की" म्हणत स्वतःच उठले. अठरा पायऱ्या उतरले, माझा हात एकदाही धरला नाही. मी चिठ्ठी लिहायला वर आलेय आणि ते खाली ऑटोत बसून ओरडताहेत, "सूनबाई, ऊन वाया चाललंय!"

डब्यात उपमा आहे. तो खा आणि आल्या पावली परत फिरा. मासा मिळो न मिळो, त्यांच्याशेजारी बसा आणि काहीतरी विचारा. ठाऊक असलं तरी विचारा.

चारुलता