मल्लप्पाकाकांचा उंबरा

उमरगा. मार्गशीर्ष, शके १८६९. दिवेलागण.

डोकं ठिकाणावर नाही. शेजारच्या मल्लप्पाकाकांच्या घराची दर्शनी भिंत परवा कोसळली. आज अप्पांनी त्यातला दगडी उंबरा उचलून आणला आणि आमच्या लिंबाखाली त्यावर वाघ-बकरीचा पट कोरायला घेतला. काका पाऊसकाळातच सगळ्यांना घेऊन संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं सोलापूरला गेले, गावात चाललेल्या लुटालुटीच्या धाकानं. पण म्हणून उंबरा? ज्यावर कधी कुणी बसलं नाही, त्यावर आता बकऱ्या मारायच्या? काकूंनी लावलेली हळद कोपऱ्यात अजून दिसते.

शेवटी बोललोच. "अप्पा, उंबरा काढला म्हंजे त्यांचं घर मोडलं की. काका आले तर काय म्हणतील?"

छिन्नी न थांबवता म्हणाले, "शिव्या देत यील."

"मग?"

"मग काय? जाताना भेटला न्हाय मला. आल्यावर उंबरा मागायला तरी आधी आपल्याच दारात यील."

आत आलो. टकटक चालूच होती.

आत्ता थांबली. बघून आलो. पट पुरा झालाय. हळदीच्या कोपऱ्याला मात्र अप्पांनी छिन्नी लावलेली नाही.

यावं एकदा काकांनी. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडावं.