जीप किल्लारीची

१४ मे १९९२, नांदेड
कॅसेट आली. बाजारात टपरीटपरीवर माझाच आवाज. 'जीप सुटली गं किल्लारीची, गठुडं गेलं गं टपावरी.' शब्द माझे. माहेराहून येताना खरंच जीप सुटली होती, कपडे घेऊन गेली होती. ते सांगता सांगता आमच्या ढोलकीवाल्या खाजाभाईंनी ठेका धरला, चाल लावली, झालं गाणं. कव्हरवर मात्र 'दिनकर मास्तर आणि पार्टी'. फोटो पण त्याचाच, पेटीवर हात ठेवून. विचारलं तर म्हणतो, "ऑर्केस्ट्रा कुणाचा हाय, मंदा?" थोबाड फोडावंसं वाटलं. खाजाभाई म्हणाले, "जाने दो मंदाबाई, लोक आवाज ओळखतेत."
ओळखतेत कशाचे! टपरीवाला मलाच विचारत होता, ही बाई मुंबईची का.

२० फेब्रु. ९३, मुदखेड
लग्नातला कार्यक्रम. वन्समोअरवर वन्समोअर. नवरदेवाची आजी उठली नाचायला. देगलूरकडं एक पार्टी हेच गाणं तेलुगूत म्हणते म्हणे, उदगीरला कानडीत. न विचारता. गावाचं नाव तेवढं किल्लारीच ठेवलंय, म्हणून गप्प.

२ ऑक्टो. ९३, किल्लारी
गाव न्हाई.
दादा, वहिनी ढिगाऱ्यात. माळवद सगळं अंगावर. आई निघाली, जिती. हात मोडलाय. पाऊस चालूच. जिथं जीप उभी राहायची तिथं आता
लिहवत न्हाई.

९ जाने. ९४, नांदेड
भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी कार्यक्रम. मधेच पोरं ओरडायला लागली, "जीप! जीप!" मास्तर पेटीवर सूर धरून माझ्याकडं बघत राहिला. मी माईक खाली ठेवला. एक चप्पल आली, खांद्याला लागली. आन त्याच वेळी पुढच्या रांगेतली बाई किंचाळली, "मुडद्यांच्या गावाचं गाणं म्हणून नाचता का रे?"
म्हणजे गायलं तरी मार, न गायलं तरी.
स्टेजमागं मास्तरला सांगितलं, हे गाणं मी आता म्हणणार न्हाई. म्हणाला, "नको म्हणू. दुसरी म्हणंल." त्याच्या पार्टीत आता पाय ठेवायचा न्हाई.

२९ सप्टें. ९५, माहूर
नवरात्र. आईला घेऊन देवीला आले. पायऱ्यांवर दुकानादुकानात तेच: 'जीप निघाली माहूरची, ओटी घेतली देवीची.' कोण पोरगी हाय कुणास ठाऊक, नाकात गाते. चाल तीच, ठेका तोच. आई पायरीवरच थांबली. "आपल्या गावाचं नाव का काढलं गं?"
खाली उतरलो तर मास्तरच, टेबल मांडून कॅसेटी विकून राहिला. मी तोंड फिरवलं. आई जाऊन उभी राहिली समोर, तेच विचारलं. तो म्हणतो, "मावशी, मेलेल्या गावाचं गाणं कोण घेतंय?"
आई म्हणाली, "मी जिती हाय न."
मास्तर दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला.

१८ जून २००६, लातूर
पोरीला, सुनीला, मेडिकलच्या क्लासला घातलं. होस्टेलची खोली म्हणजे कोंडवाडा, त्यात तिघी. गल्लीत जिकडं बघावं तिकडं क्लासचे बोर्ड, पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. सामान घेऊन चाललो तर रिक्षावर भोंगा: 'बॅच निघाली लातूरची, डॉक्टर येणार गं तुझ्या घरी.' सुनीच्याच क्लासची जाहिरात! रस्त्यातच उभी राहिले. क्लासच्या सरांनी मास्तरकडून घेतलंय म्हणे. सुनी हात ओढून राहिली, "आई, चल ना, लोक बघून राहिलेत." म्हटलं, अगं, हे माझं गाणं हाय, तुझ्या मामाच्या गावाचं. तर म्हणते, "मग काय झालं? छान बसलंय की."
एक ठेवून देणार होते. न्हाई दिली. पण परतीच्या बसमधे सगळा रस्ता तिच्यावरच जळत राहिले.

७ जाने. २००७, लातूर
क्लासचं गॅदरिंग. सरांना कुठून तरी कळलं, फोन करून बोलावलं. 'मूळ गायिका'. फक्त बॅचवालं कडवं म्हणा म्हणाले. खाजाभाईंना संगं नेलं. बोटं थरथरतेत, पण ढोलकी सोडली न्हाई.
माईक हातात आला आन मी किल्लारीचंच म्हटलं. पहिल्यापासून. पोरं आधी हसली, मग टाळ्यांवर ठेका धरला. मग मागं कुणाची तरी आई हुंदके द्यायला लागली, किल्लारीकडचीच असणार. टाळ्या विस्कटल्या. सरांनी माईक बंद करायला लावला. खाजाभाई वाजवतच राहिले, मग मी पण थांबले न्हाई. तसंच, उघड्या आवाजात, शेवटच्या कडव्यापर्यंत.
गेटवर सर म्हणाले, "शोभलं का तुम्हाला?" म्हटलं, तुम्हाला शोभलं का? सुनी लाल झालेली. "माझ्याच क्लासमधे करायचं होतं का तुला?" गेली. वळून बघितलं न्हाई.

२१ जाने. २००७, नांदेड
दुपारी मास्तर दारात. म्हातारा झालाय, दात गेलेत. "पोरांनी तुझं गाणं मोबाईलवर घेतलं. लई फिरून राहिलंय. लोक किल्लारीचंच मागतेत आता. पुन्हा रेकॉर्ड करू, मंदा. तुझाच आवाज."
"आन नाव?"
"गायिका म्हणून तुझं. मोठ्या अक्षरात."
"शब्द? चाल?"
पेटीवर फिरवावीत तशी बोटं गुडघ्यावर फिरवत राहिला. "ते पहिल्यापासून माझ्या नावावर हाय. आता कशाला उकरायचं? खाजा तर आज हाय, उद्या न्हाई."
उठून हाकलणारच होते. आई बाजेवरून ऐकून राहिली होती. म्हणाली, "म्हण गं. गावाचं नाव तरी येईल लोकांच्या तोंडी."
आईला काय बोलू?
आत येऊन हे लिहून राहिले. बाहेर तो आईला कायतरी सांगून राहिलाय, आन ती हसली. त्याच्याशी! खाजाभाईंना निरोप धाडलाय, लगेच या म्हणून; चालीचं काय ते त्यांच्या समोरच होऊ दे. ते येईस्तोवर या माणसाला पाणीसुद्धा विचारणार न्हाई.