भाईचा चान्स

३ जानेवारी, शनिवार
लहानपणी अर्धवट राहिलेला किल्ल्याचा गेम फोनवर मिळाला. एमुलेटर नावाचं ॲप जुन्या कॅसेटचे गेम चालवतं. कुवेतला ओवेसभाईलाही टाकायला लावलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, म्हणून नियम मीच केले. मेलं की चान्स दुसऱ्याचा, तेव्हासारखाच. फक्त रिमोटऐवजी सेव्ह फाइल व्हॉट्सॲपवर द्यायची. चीटिंग नाही. शेवटचा ड्रॅगन दोघांनी मिळून मारायचा. भाई बारावीनंतर तिकडे गेला तेव्हापासून आमचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे गेलेलं नाही. आता जाईल.

५ जानेवारी
भाई लगेच मेला. म्हणे ड्युटीवरून आलोय, बोटं चालत नाहीत. माणसाने निमित्तं सांगू नयेत.

६ जानेवारी
माझा चान्स. खड्ड्यात पडले. काचेवरच्या बटनांना उडी काय कळणार? हे मरण फोनचं, माझं नाही. ॲपमध्ये एक सोय आहे. उडीआधी सेव्ह करायचं, पडलं की तिथूनच पुन्हा. फक्त फोनच्या चुकांसाठी वापरेन.

९ जानेवारी, शुक्रवार
फोन फार चुका करतोय.
भाईला आज सुट्टी. विचारलं, मेलीस का? म्हटलं, नाही. खोटं नाही, जिवंतच आहे. म्हणाला, वा ग्रॅज्युएट, मी इथे फोन चार्ज करून बसलोय.

१४ जानेवारी
शेवटच्या किल्ल्यात पोचले. भाईसाठीच पुढे नेतेय. दमलेल्या माणसाला सोपं झालेलं बरं. उद्या त्याला मुद्दाम चान्स देणार होते, पण पुढे लाव्हा आहे. त्याला जमणार नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
विश्वासघात. भाईचा व्हिडिओ कॉल. शेजारी अम्मी सुक्या मासळीतला जवळा निवडत होती. भाई म्हणाला, ही अजून मेली नाही? अम्मी कौतुकाने म्हणाली, आमची रिदा मरतच नाय रे. पडली की बटन दाबते, परत वर.
भाई म्हणाला, म्हणजे माझा चान्स येणारच नव्हता. मी त्यामागचं तत्त्व समजावत होते, तर म्हणे रूमवर कॅरम लागलाय, जातो.
सख्ख्या आईने घरातली गोष्ट परदेशात फोडली. आणि भाई कॅरम खेळतो, हे मला कधी सांगितलं नाही. दोघांनी फसवलं. अम्मीशी आजपासून अबोला.

२० जानेवारी
भाईचा फोन रोज येतो. अम्मीच्या फोनवर. मला आता ‘जेवलीस का’ सुद्धा नाही. तत्त्वाने वागणाऱ्यांचं हेच होतं.

२३ जानेवारी, शुक्रवार
सेव्ह न करता खेळले. पहिल्याच खड्ड्यात मेले. अगदी प्रामाणिकपणे. फाइल पाठवली: भाई, मेले. तुझा चान्स.
ब्लू टिक. बराच वेळ टायपिंग. मग आलं: तुझ्यावर नाही विश्वास. अम्मीला फोन दे. ती बोलली तर मानेन.
अम्मी समोरच आहे. दोनदा खाकरले. तिने जवळ्यातून मान वर केली नाही.