किल्ल्यातली खोली

जैसलमेर

विजूच्या आजोबांस नमस्कार.

फोनवर तुमी मधीच बोलताव, म्हणून पत्र लिहायलेय. नातीला नोकरी सोडवून घरी आण म्हणून तुमी मला धाडलं, ते ध्यानात हाय.

पर आधी हे गाव ऐका. दगड सगळा हळदीच्या रंगाचा! आपल्या भालकीजवळच्या कल्याणच्या किल्ल्यात पाकोळ्या ऱ्हातात, इथं किल्ल्यात माणसं ऱ्हातात. तोफेच्या बाजूला कुणाची तरी गोधडी वाळायलीय. उंटावर बसले, उतरताना केकाटले. हसू नका.

विजूची खोलीबी किल्ल्यातच हाय. पोरगी जराशी वाळलीय, पर कामावर खूश हाय.

काल आमी बाजारातून उशिरा आलोत, तर घरमालकीण म्हातारी दारातच उभी. विजूवर अशी वरडली! मलाबी सोडलं न्हाई. "आजी असून तुला कळत न्हाई का?" म्हणली. मग दोघींना ताटावर बसवलं. विजू मान खाली घालून जेवली, तुमच्यापुढं जेवती तशीच.

गुडघ्याला तेल लावताव का?

तिला वरडणारं माणूस इथं हाय. मी एकटीच येते. भालकीच्या स्टेशनावर तोंड पाडून उभं ऱ्हाऊ नका.

तुमच्या घरची,
विजूची आजी