राहून गेलेलं वर्तुळ

३ फेब्रु. ९७, सोम.
प्रोग्रॅम अखेर चालला. एम.एस्सी.चा वर्गमित्र विनय परदेशात असतो, त्याने फ्लॉपी पाठवून महिना झाला. पडद्यावर वर्तुळं काढायची, कशामुळे काय होतं ते बाणांनी जोडायचं, रजिस्टरातले आकडे भरायचे. एका वर्तुळावर क्लिक केलं की बाकीच्यांच्या शक्यतेच्या पट्ट्या आपोआप हलतात. फुकटची आवृत्ती, त्यामुळे वर्तुळं सहाच. पाणी, रंग, तापमान, पाळी, ऑपरेटर, डाग. मशीन नं. सोडून दिला. डागांच्या रजिस्टरात तो कुणी लिहीतच नाही.
गुरुवारी शेठना दाखवायचं. साड्यांवर डाग का पडतात, हे आमच्या रंगाईच्या मिलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगणार.

६ फेब्रु., गुरु.
लॅबमध्ये शेठ, मॅनेजर देसाईभाई, मी. देसाईभाईंनी एकेका ऑपरेटरचं नाव निवडायला लावलं. भिकाभाऊंचं नाव घेतलं आणि डागांची पट्टी सर्रकन वर. देसाईभाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.
"जुओ शेठ, कॉम्प्युटर पण ए ज कहे छे."
शेठ माझ्याकडे वळले. "बेन, चोक्कस?"
म्हटलं, नक्की, आकडे तेच सांगतात. खूश होते मी. दीड वर्ष नुसते रंग जुळवतेय, आज कुणीतरी माझं ऐकत होतं.

८ फेब्रु., शनि.
भिकाभाऊंना काढलं. बावीस वर्षं रंगाई केलेला माणूस. डबा घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले. "ताई, मशीनले मना नाव कोनी सांगं?" मशीन म्हणजे कॉम्प्युटर.
मी बीकर धूत राहिले. आधीच धुतलेला.

११ फेब्रु., मंगळ.
भि.च्या जागी नवा माणूस. दोन दिवस लॉटमागून लॉट डागाळलेले. फोरमन राजारामभाऊंना विचारलं.
"चार नंबर मशीन सडलंय, मॅडम. पंप कधी धरतो, कधी सोडतो. दुसऱ्या कुणाच्या हातून तिथं कापड धड निघत नाही, म्हणून भिकालाच द्यायचो."
लॅबमध्ये येऊन कागदावर मांडलं.
वाईट मशीन, म्हणून भि. तिथे. वाईट मशीन, म्हणून डाग. आणि ते वर्तुळच मी काढलं नव्हतं. भि. असतात तिथे डाग असतात, एवढंच प्रोग्रॅम सांगत होता. शेठना हवं होतं ते वेगळं: भि.ना काढलं तर डाग जातील का? मी दोन्ही प्रश्न एकच समजले. कशाला एम.एस्सी. केलं.

१३ फेब्रु., गुरु.
लॉटच्या कार्डांवर मशीन नं. असतो. कार्डांची पोती बॉयलरमागे ठेवतात, जाळायला. दोन गेली, एक उरलंय. जेवणाच्या सुट्टीत आकडे उतरवून घेतेय. डबा भरलेला परत.
ह्यांना सांगितलं. बँकेच्या कपड्यांतच ऐकत बसले. "तुझी नोकरी जाईल, सुमन." जाऊ दे, असं तोंडातून निघालं नाही. भित्री मेली.

१६ फेब्रु., रवि.
रिक्षाने लिंबायतला, भि.च्या घरी. सखुबाईंनी, भि.च्या बायकोने, चहा टाकला. कडोदऱ्याच्या तीन मिलींतून भि.ना परत पाठवलं म्हणाल्या. कॉम्प्युटरने काढलेला माणूस, असं नाव झालंय.
भि. भिंतीला टेकून. मी सगळं सांगितलं, मशीन, वर्तुळ, माझी चूक. मान डोलवत होते. मग दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.
"ताई, खरं सांग. मना हातमाच काही खोट शे का?"
नखांच्या मुळाशी निळं, कधी न जाणारं. नाही म्हणायला मला इतका वेळ लागला की त्यांनी हात मागे घेतले.
नोकरी गेली ते एक. पण हे

१९ फेब्रु., बुध.
पाळीचं वर्तुळ पुसलं, मशीनचं घातलं. कार्डांचे आकडे भरले. चार नंबरवर सगळ्यांत कमी डाग भि.चे. बाकीचे त्यांच्या जवळपासही नाहीत.
पडद्यासमोर रडले. फोरमनसमोर.

२० फेब्रु., गुरु.
शेठना दाखवलं.
"तो पेला वखते कॉम्प्युटर खोटुं बोल्युं?"
कॉम्प्युटर नाही, मी चुकले.
"तो तमने काढी मूकुं?"
मलाच काढा, मी म्हणाले. खरंच म्हणाले.
चार नंबर देसाईभाईंनीच पसंत करून आणलं होतं. त्यांनी मध्येच तोडलं: भिका एवढा हुशार ना, मग एक लॉट काढून दाखवू दे. चार नंबरवरच. डाग पडला की विषय संपला.
म्हटलं, एका लॉटने काहीच सिद्ध होत नाही, निदान वीस तरी हवेत. शेठ उठलेच. "एक."

२४ फेब्रु., सोम.
लॅबमध्ये बसून लिहितेय, काचेपलीकडे चार नंबर. हाताला दुसरं काम सुचत नाही.
भि. दाढी करून आलेत. यायला तयार नव्हते, सखुबाई गेटपर्यंत सोडून गेल्या. सकाळी पंपावर तळवा ठेवून बराच वेळ नुसते ऐकत होते. झडप थोडी फिरवली, परत ऐकलं. मग सुरू.
नव्या आकड्यांप्रमाणे चार नंबरवर त्यांचाही तिनांतला एक लॉट डागाळतो. हे त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं? सांगितलं असतं तर आले असते?
आज डाग पडला तर ते कायमचं मानतील की खोट हातातच आहे. आणि ते खोटं आहे हे कागदावर दाखवायला मी जाईन, कुठल्या तोंडाने.
मशीन थंड होतंय. नव्वद. ऐंशी. शेठ आले. देसाईभाई घड्याळ बघतायत. भि. मशीनकडे पाठ करून उभे.
सत्तर. राजारामभाऊंनी झाकण उघडलं. काचेतून कापडाचं टोक दिसतंय, फिकट गुलाबी, आत्तापर्यंत स्वच्छ, बाकी सगळं अजून आत