टाकीवर उतरणारे ड्रोन

२ फेब्रुवारी, सोमवार

लागली बाई एकदाची नोकरी! आज हजर झाले. गावाबाहेर लांबलचक पत्र्याची शेड, पुढे मोकळं मैदान, त्यात पिवळ्या रंगाने आखलेलं वर्तुळ. ड्रोन तिथून उडवायचे. माणसं इनमीन तीन: मालक, मिस्त्री आणि मी. मालक इतकं गोड बोलतात की मला संशयच आला. पण पहिल्याच दिवशी भांडणार नाही असं आईला कबूल करून आलेय.

मिस्त्रींनी सगळी पलटण दाखवली. चार पंख्यांचा धाकटा हवेत एका जागी थांबतो, त्यामुळे शूटिंगला किंवा पुलाच्या भेगा तपासायला बरा. विमानासारखा पंखवाला थांबू शकत नाही, पण एका चार्जिंगमध्ये लांबवर जातो. जमिनीचे नकाशे त्याच्याकडून. सहा पंख्यांचा धिप्पाड गडी पोटाला टाकी बांधून पिकांवर औषध फवारतो. चौथा उष्णता बघतो. पडद्यावर गरम ते पांढरं, गार ते काळं. हरवलेली माणसं शोधायला तो.

इथली एक पद्धत वेगळी आहे. सिग्नल तुटला की ड्रोन जिथून उडाला तिथे परत येतो, हे सगळीकडचं. इथे पायलट शेतातून चालत काम करतो, म्हणून मालकांनी सगळ्या ड्रोनना रिमोटपाशी यायला शिकवलंय. रिमोट असेल तिथे उतरायचं, शहाण्या कुत्र्यासारखं. मला आवडलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

मावशींकडे खोली मिळाली, शेडपासून हाकेवर. खोली त्यांच्या मुलाची. तोही इथलाच पायलट, सगळे त्याला दाढी म्हणायचे. मालक सांगतात, कंपनीचा ड्रोन घेऊन परदेशात पळाला. वर्ष होऊन गेलं. मावशी भाजी चिरताना त्याचा उद्धार करत होत्या. मेल्याला आई आठवत नाही, फोन करायला काय बोटं झडली का! आणि कपाटात त्याचे शर्ट इस्त्री करून ठेवलेत. जेवण झाल्यावर हळूच म्हणाल्या, तुझ्याच लायनीतला आहे, कुठे भेटला तर सांग, आई रागावलेली नाही म्हणून.

मी हो म्हटलं. मला मात्र त्या दाढीचा असा संताप आलाय! भेटू दे नुसता, कानाखाली आवाज काढते.

७ फेब्रुवारी, शनिवार

डोकं फिरलंय. फवारणीवाल्याचा सिग्नल गेला आणि स्वारी माझ्याकडे यायची सोडून शेडवरून मागे गेली. तिथे जुनी पाण्याची टाकी आहे, जमिनीत खोल बांधलेली, आता सिमेंट ओतून बुजवलेली. त्या सिमेंटवर बरोब्बर मधोमध उतरला. मालक म्हणाले, होकायंत्र बिघडलं असेल. होकायंत्र बदललं. दुपारी धाकट्याचा सिग्नल मुद्दाम तोडून पाहिला. तोही तिथेच.

मालकांनी मला मिस्त्रींसमोर झापलं. उडवता येत नसेल तर घरी बस म्हणे, पोळ्या लाट. मी म्हटलं, माझ्या पोळ्याही गोल होतात आणि माझे ड्रोनही नीट उतरतात, खोट तुमच्या जागेत आहे. जागा म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. आईला दिलेला शब्द आठवडाभरही टिकला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पंखवाल्याकडून आवाराचा नकाशा काढत होते. टाकीच्या प्रत्येक फोटोत एक माणूस उभा आहे. सिमेंटवर, मान वर करून. दाढीवाला. आणि उडवताना मी टाकीच्या कडेलाच उभी होते. तिथे चिटपाखरू नव्हतं.

मिस्त्रींना फोटो दाखवले. हातातला पाना पायावर पडला. फक्त म्हणाले, पोरी, पुसून टाक. का पुसू? अंगाची लाही लाही झाली. इथे सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि मूर्ख ठरतेय मी!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्रींना जेवणाच्या सुट्टीत गाठलं आणि दार अडवून उभी राहिले. शेवटी बोलले.

ड्रोन पळवलाबिळवला नव्हता. तो टाकीत पडला होता. तेव्हा टाकी कोरडी होती. शिडी गंजलेली, दाढी नको म्हणत होता. मालक म्हणाले, उतर, नाहीतर पगारातून कापतो. शिडी तुटली. आतून काही आवाज येईना. मिस्त्रींनी उष्णतेचा ड्रोन वर नेला, तर तळाशी पांढरं काहीतरी हललं. अग्निशमन दलाला बोलावू म्हटल्यावर मालकांनी हातातला फोन काढून घेतला. चौकशी होईल, परवाना जाईल. आत कुत्रं असेल म्हणाले. सकाळी सिमेंटची गाडी आली.

रिमोट त्याच्या गळ्यातच होता. सगळे ड्रोन आधी त्याच रिमोटला जोडलेले. माझा सिग्नल तुटला की ते पहिला रिमोट शोधतात. पण त्याची बॅटरी दिवसभरही टिकत नाही, मिस्त्री म्हणाले, आणि रडायला लागले. मला दोन पोरी आहेत गं.

मी ओरडले, मावशींना एकच होता!

हलला होता तो. हलत होता आणि यांनी—

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

भर दुपारी उष्णतेचा ड्रोन टाकीवर नेला. ऊन मी म्हणत होतं. सिमेंट पडद्यावर पांढरंफटक, आणि मधोमध माणसाएवढं काळं. उभं. डोळ्यांना काही दिसत नाही.

जाऊन हात टेकला. तापलेलं सिमेंट तेवढ्या जागी बर्फ. कान लावला.

खालून टीं. थोड्या वेळाने पुन्हा टीं. बॅटरी संपत आल्यावर रिमोट करतो तो आवाज. वर्षभर तो—

मला भीती वाटतेय. खूप वाटतेय. पण त्याहून जास्त राग येतोय. रोज सकाळी हा मालक त्या सिमेंटवरून चालत येतो, हात जोडून नमस्कार म्हणतो. मावशींना त्याने चोराची आई केलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पोलिसांना सगळं सांगितलं. निघालोय म्हणाले. फोटो त्यांना पाठवले. मी टाकीपाशीच थांबणार, कुणाला हात लावू देणार नाही.

उष्णतेचा ड्रोन वर आहे. पडद्यावर मी पांढरी. माझ्या शेजारी तो काळा. थंडी वाजतेय, दात—

गाडी आली. पोलिसांची नाही. मालक. मिस्त्रींनी तोंड उघडलं वाटतं. फाटक आतून लावलं. हातात पहार आहे.

ये. ये रे हरामखोरा. मी हलणार नाही.

शेडमध्ये पंखे फिरायला लागले. मी काही सुरू केलेलं नाही. सगळे बाहेर येतायत, धिप्पाडही— मालक थांबलेत, वर बघतायत—

काळा आता माझ्या शेजारी नाही. त्यांच्या आणि माझ्या मध्ये आहे.

मावशी, ही वही तुम्हाला मिळाली तर. तो पळाला नव्हता. चोर नव्हता. तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. तुमचा निरोप मी आत्ता त्याला मोठ्याने सांगितला, आई रागावलेली नाही म्हणून. पडद्यावर तो वळला, मावशी, त्याने मान—